वही आबांच्या तोंडात आहे

‘वहीगायन? म्हणजे वहीत बघून गातात का?’

जिल्ह्याच्या गावी एका टेबलापलीकडून हा प्रश्न आला, तेव्हा आबा माझ्या शेजारी टोपी हातात धरून उभे होते. विचारणाऱ्याने थट्टा केली नव्हती, त्यांना खरंच माहीत नव्हतं. आबा शांतपणे म्हणाले, ‘‘साहेब, वही मन्हा तोंडमा शे.’’

अमळनेर तालुक्यात तापीकाठच्या एका गावात मी सेवा केंद्र चालवतो. सातबारा, उत्पन्नाचे दाखले, पीकविम्याचे अर्ज, दिवसभर हेच. ज्येष्ठ कलावंतांच्या मानधनाची योजना राज्यात १९५४-५५ पासून आहे, पण आमच्या गावात ती कुणाला ठाऊक नव्हती. मार्च २०२४ मध्ये तिला राजर्षी शाहू महाराजांचं नाव मिळालं आणि मानधन सरसकट दरमहा ५,००० रुपये झालं. ती बातमी मी केंद्रात मोठ्याने वाचली. बाहेर ओट्यावर आबा बसले होते. ते म्हणाले, ‘‘मन्हं नाव लिखी दे मंग.’’ सायंकाळपर्यंत आणखी तिघं आले. चौघंही वही गाणारे.

ज्यांनी वही ऐकली नाही त्यांच्यासाठी सांगतो. देवीच्या जागराला, यात्रेला रात्री डफ तापवून घ्यायचा, टाळ धरायचे आणि उभं राहून गायचं. एक फळी सवाल टाकते, दुसरी जवाब देते. पुराणातली कथा असते, आणि तिच्यात आमचं शेत, आमची नदी, सासुरवाशिणीचं दुःख असं सगळं येऊन मिसळतं. आबांना एक कथा लागली की पहाटेपर्यंत पुरते. त्यांनी ती वडिलांच्या मागे उभं राहून उचलली. आबांना सहीपुरतंच लिहिता येतं.

आणि अर्जात रकाना होता, कलेच्या क्षेत्रातील कार्याचे पुरावे. वयाचा दाखला झाला, आधार झालं, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला मीच काढून दिला. पुराव्यांपाशी गाडी अडली. वर्तमानपत्रातली कात्रणं, प्रमाणपत्रं, कार्यक्रमांच्या पत्रिका, मान्यवर संस्थांची शिफारस. ज्या माणसाला यात्रेत नारळ आणि टोपी देऊन मान दिला जातो, त्याच्याकडे प्रमाणपत्र कुठून येणार? चौघांपैकी एका तात्यांकडे मात्र आकाशवाणीच्या जळगाव केंद्राचं कार्यक्रमाचं जुनं पत्र निघालं. पत्र्याच्या पेटीत, लग्नाच्या फोटोखाली, प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेलं. त्यांचा अर्ज पुढे सरकला. आबांचा आणि दुसऱ्या एका बापूंचा ‘पुरावे अपुरे’ म्हणून परत आला. चौथ्या नानांना श्रावणबाळचं निवृत्तिवेतन चालू होतं. दोन्ही घेता येत नाहीत असं कळल्यावर ते म्हणाले, हातातलं सोडून मी पुढच्याची वाट बघणार नाही. त्यांचं मला पटलं.

तात्यांपेक्षा आबा कमी गात नाहीत. उलट तात्याच सांगतात की आबा त्यांचे गुरू. पण गुरूचा अर्ज परत आणि शिष्याचा पुढे, याचं कारण एवढंच की शिष्य एकदा जळगावला जाऊन आला होता. हे मला सहन होईना.

मग मी वाट शोधू लागलो. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, सुरतला, नाशिकला कामाला गेलेली पोरं घरी असतात. २०२५ ची आखाजी ३० एप्रिलला होती, आणि दुसऱ्याच दिवशी १ मेची ग्रामसभा. एरवी कोरमसाठी माणसं हुडकावी लागतात, पण त्या दिवशी शाळेचा व्हरांडा भरला. मी उभा राहून विचारलं, ‘‘आबांची वही कुणी कुणी ऐकली आहे?’’ सगळे हात वर. ‘‘कधीपासून?’’ एक आजी म्हणाल्या, ‘‘मी नवरी व्हईसन उनू तैपाशी.’’ म्हणजे नवरी होऊन आले तेव्हापासून. त्यांचा मोठा मुलगाच पंचावन्नचा आहे. ग्रामसेवकांनी ठराव लिहिला: आबा आणि बापू गावात आणि पंचक्रोशीत पंधरा वर्षांहून कितीतरी अधिक काळ वहीगायन करीत आहेत, हे ग्रामसभा साक्षीने सांगते. खाली सह्या आणि अंगठे. नाशिकहून आलेल्या एका पोराने रात्री आबांचं गाणं मोबाइलवर दोन तास चित्रित केलं. त्याची पेनड्राइव्ह ठरावाला जोडली.

ठराव घेऊन अर्ज पुन्हा टाकला. पण मला दिसत होतं की हे दोघांपुरतं झालं. तापीच्या दोन्ही काठांवर असे कितीतरी आबा आहेत. म्हणून लोकप्रतिनिधींना निवेदन द्यायचं ठरवलं.

पहिलं निवेदन मी दोन पानांचं लिहिलं. लोककला हा आपला वारसा आहे, ती जगली पाहिजे, शासनाने लक्ष द्यावं. मनापासून लिहिलं होतं. स्वीय सहायकांनी ते नीट वाचलं आणि म्हणाले, ‘‘भाऊ, भावना पोचली. मागणी काय आहे? आणि कोणत्या लेखाशीर्षातून?’’

लेखाशीर्ष हा शब्द तेव्हा मी नीट समजून घेतला. राज्याच्या अर्थसंकल्पात प्रत्येक खर्चाला स्वतःचा एक मथळा असतो. त्या मथळ्याखाली तरतूद असेल तरच पैसा निघतो, नसेल तर मंत्र्यांनी होकार देऊनही निघत नाही. तरतूद मार्चच्या अर्थसंकल्पात होते किंवा पुढच्या अधिवेशनांत पुरवणी मागण्यांतून. म्हणजे आमचं म्हणणं अधिवेशनाच्या आधी, खात्याकडे टिपण तयार होत असताना पोचायला हवं. फेब्रुवारीत हार घेऊन भेटण्यापेक्षा दिवाळीनंतर कागद घेऊन भेटणं कामाचं.

दुसरं निवेदन एका पानाचं केलं. पहिली मागणी, मौखिक कलांसाठी ग्रामसभेचा ठराव आणि चित्रीकरण हा पुरावा मानावा. याला पैसाही लागत नाही, एक शासन निर्णय पुरतो. दुसरी, उत्पन्नाची मर्यादा. ती वर्षाला ६०,००० रुपये आहे. आमच्याकडे शेतमजुरी ४०० रुपये धरली तरी १५० दिवस कामाला गेलेला माणूस तिथे पोचतो. पन्नाशीतला गायक मजुरीला गेला नाही तर खाणार काय, आणि गेला तर अपात्र? तिसरी मागणी माझ्या सर्वांत जवळची. मानधन वयाच्या ५० वर्षांनंतर मिळतं, ते मिळायलाच हवं. पण आबांच्या मागे उभं राहून जो शिकणार आहे तो आज वीस वर्षांचा आहे. वही पार्टीत दहा जण असतात. पिकअपचं भाडं, डफाची दुरुस्ती आणि प्रत्येकाचा बुडालेला दोन दिवसांचा रोज धरला तर एका यात्रेला अकरा-बारा हजार लागतात, बिदागी मिळते तीन-चार हजार. हा हिशोब मी आबांच्या पार्टीबरोबर बसून केला आणि तसाच जोडला. शिकवणाऱ्या पार्टीला आणि शिकणाऱ्यांना वर्षभराचं अनुदान द्यावं, एवढं मागितलं.

याच अमळनेरात १९५२ मध्ये आणि मग फेब्रुवारी २०२४ मध्ये मराठी साहित्य संमेलन भरलं. शासनाने त्याला भरघोस मदत केली, ती योग्यच होती, मी तीनही दिवस मंडपात होतो. छापलेल्या शब्दाला जो आधार मिळाला, त्यातला थोडा तोंडातल्या शब्दालाही मिळावा, असं मला तिथे बसल्या बसल्याच वाटलं होतं.

लोकप्रतिनिधींनी निवेदनावर आपलं पत्र लावलं आणि ते खात्याकडे गेलं. उत्तर आलं, ‘आवश्यक कार्यवाहीस्तव पुढे पाठविण्यात येत आहे.’ जावक क्रमांक मी जपून ठेवला आहे आणि दर महिन्याला त्याचा संदर्भ देऊन एक पत्र टाकतो.

ठरावासह टाकलेल्या अर्जांपैकी बापूंचा मंजूर झाला. आबांचा अजून समितीपुढे आहे. ‘‘व्हई, व्हई,’’ होईल होईल, म्हणतात, आणि जागराची सुपारी आली की डफ काढतात. नातू आता झील धरायला लागलाय.

शेजारच्या तीन गावांनी ठरावाचा मसुदा मागून नेला आहे. २६ जानेवारीच्या ग्रामसभांना मी आणि तात्या मोटारसायकलवर जाणार आहोत. पहिल्या गावात झेंडावंदनानंतर लगेच सभा आहे, म्हणून पहाटेच निघायचं ठरलंय.