गोड्या पाण्याचा ड्रम

गणपतीला तीन आठवड्यांची रजा टाकून मी मालवणला गेलो होतो. परत दुबईत उतरून फोन चालू केला तर बर दुबईच्या एका गिऱ्हाइकाचे अकरा मेसेज. शेवटचा नुसता फोटो. टॉर्च कोरल, म्हणजे बोटांसारख्या लांब टोकांचा प्रवाळ, कळीसारखा मिटलेला, आणि कडेला पांढरं काहीतरी दिसतंय.

घरोघरचे समुद्री टँक सांभाळणं हे माझं काम. आठवड्याला एक फेरी. काच पुसायची, पाण्यातली घाण फेसावर काढणाऱ्या स्किमरचं भांडं धुवायचं, पाणी तपासायचं, थोडं बदलायचं. मालवणात असताना सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पर्यटकांना स्नॉर्केलिंगला उतरवायचो, तेव्हापासून कोरलची ओळख. भारतात मात्र हा धंदा करता आला नसता. तिथे दगडी सांगाड्याचे कोरल वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंगतीला. दुबईत ते इंडोनेशिया-ऑस्ट्रेलियातून रीतसर परवान्याचे कागद घेऊन येतात.

त्याच संध्याकाळी गेलो. बारावा मजला, ४०० लिटरचा टँक. टॉर्च चांगला उघडला की हाताच्या पंज्याएवढा होतो. हिरवी बोटं, सोनेरी टोकं, आणि त्यात लोळणारी क्लाउनफिशची जोडी. आता बोटं पार आत ओढलेली. सांगाड्याच्या धारदार पात्या मांसातून वर आलेल्या, आजारी माणसाची गालफडं दिसावीत तशा. रंग उडालेला. आणि ती क्लाउनफिशची जोडी, घराला कुलूप लावून कुणी निघून गेल्यासारखी, दाराशी घिरट्या घालत होती.

रंग उडाला म्हणजे मेला, असं नसतं. कोरलच्या मांसात सूक्ष्म शैवाल राहतं. ते उन्हावर साखर बनवतं आणि यजमानाला देतं. गरजेची ९० टक्क्यांपर्यंत ऊर्जा कोरलला या भाडेकरूकडून मिळते. ताण आला की कोरल त्यालाच बाहेर काढतो. मग आतला पांढरा सांगाडा दिसायला लागतो. जीव असतो, पण शिधा संपत आलेला असतो. मी त्याला पाण्याबाहेर काढून वास घेतला. सडका वास नव्हता. तपकिरी चिकट लपकाही नव्हता. म्हणजे वेळ होती.

टँकच्या मालकाने माझ्या रजेत नवीन एलईडी दिवे बसवले होते, तेही पूर्ण जोरावर. मला कारण आयतंच सापडलं. दिवे निम्म्यावर आणले, टॉर्च खालच्या दगडावर ठेवला. खारटपणा बघायला टँकशेजारचं प्लॅस्टिकचं काट्याचं मीटर वापरलं. काटा १.०२५ वर, म्हणजे ठीक. खारटपणा अचूक मोजणारा माझा रिफ्रॅक्टोमीटर खाली गाडीत होता आणि बारा मजले उतरून परत चढायचा मला कंटाळा आला. हे मी लपवत नाही. तीन दिवस त्या कंटाळ्यात गेले.

रविवारी पुन्हा गेलो तर टॉर्चच्या दोन तोंडांपैकी एकाचं मांस कडेने सुटायला लागलेलं. मासे मात्र मजेत. त्यांनीच मला फसवलं. मासा अंगातलं मिठाचं प्रमाण स्वतः सांभाळतो. कोरलला ती सोय नाही. बाहेर जसं पाणी, तसंच त्याच्या आत.

या वेळी सगळ्या टेस्ट लावल्या. थेंब मोजत बसलो. अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल पेलायची पाण्याची ताकद, ९.२, एरवी ८. कॅल्शियम ४८०, एरवी ४२०. मॅग्नेशियम १५४०, एरवी १३५०. एखादाच आकडा चढला असता तर कुणीतरी डोस जास्त घातला असं म्हटलं असतं. इथे तिन्ही एकाच मापाने वर, दूध आटवल्यासारखे. पण आटवलं असेल तर पाणी कमी व्हायला हवं होतं. पाणी तर काठोकाठ होतं.

डोकं चालेना, म्हणून निदान पाणी तरी बदलून घेऊ म्हणून बाल्कनीत गेलो. तिथे साठ-साठ लिटरचे दोन ड्रम असतात. पांढऱ्यात मीठ कालवून तयार ठेवलेलं पाणी, आठवड्याच्या बदलासाठी. निळ्यात साधं आरओ. रजेवर जाताना दोन्ही भरून ठेवले होते. पांढऱ्याचं झाकण उचललं तर तळ कोरडा. निळा जसाच्या तसा भरलेला.

मालकाची आई, म्हणजे आजी, माझ्या मागेच उभ्या होत्या. त्या शिरोड्याच्या. मुलगा आणि सून कामावर गेले की दिवसभर टँकपाशी त्याच असतात. आमचं बोलणं पहिल्या दिवसापासून मालवणीतच.

"आजी, ह्या ड्रमातला पाणी खंय गेला?"

"टँकीत. तुझो तो आपसूक पाणी सोडणारो पंप बंद पडलो. तूच सांगलंस ना, पाणी कमी झाला की ड्रमातला घाल म्हणान."

"निळ्या ड्रमातला घालूचा होता. गोडा."

"खाऱ्या पाण्यातल्या जिवाक गोडा पाणी? मारूक काढलंस काय रे तेका?"

मी खरंच एवढंच सांगून गेलो होतो. ड्रममधलं घाला. कुठला, ते सांगितलं नव्हतं, आणि ड्रमवर काही लिहिलंही नव्हतं.

गाडीतून रिफ्रॅक्टोमीटर आणला. काचेवर दोन थेंब टाकून खिडकीच्या उजेडाकडे धरला. निळ्या-पांढऱ्याची सीमा ४० वर. लिटरला ३५ ग्रॅम मीठ हवं, तिथे ४०. ते प्लॅस्टिकचं मीटर उघडून बघितलं तर काट्यावर चुन्याचं किटण. काटा जड होऊन खालीच राहत होता आणि आकडा कमी दाखवत होता. एसीच्या कोरड्या हवेत या टँकमधून दिवसाला चारेक लिटर पाणी उडतं. तेवढंच खारं पाणी आजींनी पंधरा दिवस इमानेइतबारे घातलं. साठ लिटर, म्हणजे दोन किलोंवर मीठ.

आजींना समजावायला मला एकच वाक्य लागलं. उडतं ते पाणी, मीठ मागेच राहतं, तुमच्या मिठागरासारखं. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहाच्या गावची बाई ती, पुढचं तीच बोलली. "म्हंजे मी घरात मिठागरच घातलंय की रे!" हसल्या, आणि मग खुर्चीवर बसून राहिल्या. त्या दिवशी जेवल्या नाहीत, असं सुनेने नंतर सांगितलं.

मुलाचा आग्रह होता की रात्रीतच सगळं ठीक करून टाका. मी ऐकलं नाही. हळूहळू खारावलेल्या पाण्यात कोरलच्या पेशी कशाबशा जुळवून घेतात. एकदम पातळ पाणी मिळालं तर त्या फुगतात, आणि जो सावरला असता तोही जातो. दिवसाला एक ग्रॅमपेक्षा जास्त उतरवायचं नाही, हा माझा नियम. हिशोब सोपा होता. रोज दहा लिटर काढायचं, दहा लिटर गोडं घालायचं, तेही तास-दीड तास घेऊन, बारीक नळीने. पहिल्या दिवशी ३९, दुसऱ्या दिवशी ३८, पाचव्या दिवशी ३५ च्या किंचित वर. पाच संध्याकाळी मी काम संपवून तिथेच. नळी आजी धरायच्या, मला धरू देत नव्हत्या.

घरी परतताना खाडीच्या पुलावर एकदा गंमत वाटली. इथल्या आखाताचं पाणी मुळातच ४० च्या आसपास खारट, उन्हाळ्यात ३४-३५ अंशांपर्यंत तापतं, आणि त्यातही इथले कोरल पिढ्यान्पिढ्या टिकलेत. हा टॉर्च इंडोनेशियाचा. त्याला ते पंधरा दिवसांत कुठून मानवणार?

सुटलेलं तोंड वाचलं नाही. चौथ्या दिवशी त्याचं मांस खळीच्या लगद्यासारखं गळायला लागलं. करवतीने ती फांदी कापली, उरलेल्या भागाला आयोडीनच्या पाण्यात दहा मिनिटं बुचकळून परत ठेवलं. दिवे निम्म्यावरच राहू दिले. निदान ती एक गोष्ट चुकून बरोबर केली होती. रंग गेलेल्या कोरलला जास्त उजेड सोसत नाही.

नवव्या दिवशी आजींचा फोन. "बोटां भायर इली. तांदळाच्या कणयेएवडी." गेलो तर खरंच, पात्यांच्या मधून दहा-बारा टोकं डोकावत होती, पिवळट, अजून धड सोनेरी नाहीत. दिवे मालवल्यावर पिपेटने मायसिसचा, म्हणजे कोळंबीसारख्या बारीक जिवाचा, एक तुकडा त्यांच्यावर सोडला. बराच वेळ काही झालं नाही. मग एका टोकाने तो धरला, दुसरं वाकलं, आणि तुकडा सावकाश मधल्या तोंडाकडे सरकला. आजी काचेला नाक लावून बघत होत्या. "जवळोच हा हो," म्हणाल्या. मायसिस खरंच जवळ्यासारखाच दिसतो, आणि जवळा निवडण्यात ज्यांचा जन्म गेला त्यांच्याशी मी वाद घातला नाही.

रंग पूर्ण भरायला दोन महिन्यांच्या वर गेले. क्लाउनफिश त्याच्या आधीच परतले, तोंड अर्धं उघडलेलं असतानाच. ते अंग घासून पुन्हा मिटवतील म्हणून मी आठवडाभर आड जाळी लावली होती.

पाणी सोडणारा पंप मी नवा बसवला. आजींनी त्याचा प्लग काढून ठेवलाय. निळ्या ड्रमवर मार्करने 'गोडा' आणि पांढऱ्यावर 'खारा' लिहिलंय, आणि रोज सकाळी पूजा झाली की त्याच तांब्याने मोजून चार तांबे घालतात. एवढ्याने भागत नाही, उरलेलं संध्याकाळी. मी पंपाचं पुन्हा विचारलं तर म्हणाल्या, "ऱ्हवांदे. मीच घालतंय."