पकडीची ताकद आणि उतरवलेली माळ

सोलापूर जिल्ह्यातील एका पोलीस भरती अकादमीत गेल्या वर्षी मी मुलांच्या हाताच्या पकडीची ताकद मोजली. त्या सकाळी माझ्याकडून झालेली एक चूक अजून मनातून जात नाही.

मी आहारतज्ज्ञ आहे. मैदानी चाचणीच्या 50 गुणांसाठी 1600 मीटर धावणारी आणि 7.260 किलोचा गोळा फेकणारी ही मुले काय खातात, हे तपासून त्यांना आहार ठरवून देणे एवढेच माझे काम होते. पकड मोजण्याची सूचना मात्र माझी होती, कारण तरुणांच्या एकूण स्नायूबळाचा अंदाज घेण्याचा तो सर्वांत सोपा आणि स्वस्त मार्ग आहे.

सोपा असला तरी तो निष्काळजीपणे वापरला की आकडे निरर्थक ठरतात. मुलाला खुर्चीवर ताठ बसवायचे, कोपर बरगडीला लागून काटकोनात ठेवायचे, मनगट सरळ राहते आहे याकडे लक्ष द्यायचे, डायनॅमोमीटरची, म्हणजे पकड मोजणाऱ्या यंत्राची, मूठ दुसऱ्या खाचेत बसवायची, प्रत्येक हाताची तीन मोजमापे घ्यायची आणि दोन मोजमापांमध्ये एक मिनिट थांबायचे. दोरावर चढून आलेल्या मुलाची पकड मोजली, तर ताकदीऐवजी त्याचा थकवा नोंदला जातो. म्हणून मैदानावर जाण्याआधी, पहाटे साडेपाचलाच मोजमाप होईल, असा मी हट्ट धरला होता आणि प्रशिक्षकांना तो पटला नव्हता.

त्यानंतर आदल्या दिवशीच्या चोवीस तासांत काय खाल्ले, हे वाटी, पेला आणि भाकरीच्या हिशेबाने विचारले. ‘मटण खातो’ असे छाती काढून सांगणाऱ्या बहुतेकांच्या ताटात ते फक्त रविवारी येत होते, आणि तेही दोन फोडी व चार वाट्या रस्सा एवढेच. रश्श्यात चव भरपूर असते, प्रथिने फारशी नसतात. तरीही अकादमीच्या छापील तक्त्यात ‘मांसाहारी / शाकाहारी’ असा रकाना होता आणि मी तो जसाच्या तसा भरला.

मोजमाप संपल्यावर प्रशिक्षकांनी दोन्ही गटांची सरासरी मागितली. मांसाहारी मुलांची पकड सुमारे अडीच किलोंनी जास्त भरली. त्या गटातील मुले वजनानेही जास्त होती आणि त्यांच्यापैकी बरीच अकादमीत दुसरे वर्ष काढत होती. पकड वजनाबरोबर, उंचीबरोबर आणि सरावाबरोबर वाढते, हे मला ठाऊक होते. मी ते तोंडी सांगितलेही, पण कागदावर लिहिले नाही. संध्याकाळच्या हजेरीला प्रशिक्षकांनी फक्त आकडा वाचून दाखवला. तरुण मुलांपुढे असा अर्धा आकडा वाचणे मला बेजबाबदारपणाचे वाटते. पण तो कागद त्यांच्या हाती मीच दिला होता.

दहा दिवसांनी वारकरी घरातील एका मुलाचा फोन आला. ‘‘मॅडम, मी माळ उतरवली. आता चिकन किती खाऊ?’’

त्याची नोंद मी पुन्हा काढली. वजन 58 किलो. दिवसभरात भाकरी, पिठले, आमटी, शेंगदाण्याची चटणी आणि एक कप दूध मिळून प्रथिने जेमतेम 42 ग्रॅम. सर्वसाधारण प्रौढाला दर किलो वजनामागे रोज 0.83 ग्रॅम प्रथिनांची शिफारस आहे, म्हणजे सराव न करणाऱ्या माणसाच्या गरजेलाही त्याचा आहार पुरा पडत नव्हता. ताकदीचा व्यायाम करणाऱ्यांना त्याहून बरेच जास्त लागते आणि सुमारे 1.6 ग्रॅमच्या पुढे फारसा फायदा दिसत नाही. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्राझीलमधील एका प्रयोगात मांसाहारी आणि पूर्णपणे वनस्पतिजन्य आहार घेणाऱ्या तरुणांना एवढेच प्रथिन देऊन 12 आठवडे पायांचा व्यायाम करवला, तेव्हा दोन्ही गटांचे बळ सारखेच वाढले. त्या मुलाला कमी पडत होती ती प्रथिने, आणि ती घरच्याच जेवणात वाढवता आली असती.

मात्र मांसाने काहीच फरक पडत नाही, असेही मी म्हणू शकत नाही. शाकाहारी माणसाच्या स्नायूंत क्रिएटिनचा, म्हणजे झटपट ऊर्जा पुरवणाऱ्या पदार्थाचा, साठा कमी असतो, आणि गोळाफेकीसारख्या क्षणभराच्या जोरासाठी तोच साठा खर्च होतो. म्हणून दोन महिन्यांनी त्याची पकड तीन किलोंनी वाढलेली दिसली आणि ‘‘मग चिकननंच ना?’’ असे त्याने विचारले, तेव्हा मला हो किंवा नाही म्हणता आले नाही. त्या काळात त्याचे वजन दोन किलोंनी वाढले होते, आणि दोरावरचा सराव दुप्पट झाला होता.

त्या दिवशी त्याचे आजोबा बरोबर आले होते. त्यांच्या गळ्यात माळ होती. नातवावर ते रागावलेले दिसले नाहीत. माळ सांभाळून पोराचे बळ वाढेल असे काही आहे का, एवढेच त्यांनी मला विचारले. मी कागदावर लिहून दिले: रोज दोन पेले दूध, एक वाटी दही, दोन वाट्या मटकीची किंवा हरभऱ्याची उसळ, मूठभर शेंगदाणे, आणि कोरड्या असताना तोललेल्या 40 ग्रॅम सोयाबीनच्या वड्या. त्यांनी मला दुधाचे माप पुन्हा सांगायला लावले, घरचा पेला किती मोठा ते हाताने दाखवले, आणि कागदाची घडी नातवाकडे न देता स्वतःच्या खिशात ठेवली.