स्प्रिंगबॉकला कसर लागली

ह्यूस्टनजवळच्या आमच्या घरात एक खोली मी आफ्रिकेतल्या शिकारीच्या भरलेल्या मुंडक्यांसाठी (माउंट) सजवतोय; स्प्रिंगबॉक, जेम्सबॉक, ब्लेसबॉक, इम्पाला, कुडू ही सगळी तिकडची हरणं. मागच्या नोंदीत तिथल्या ट्रॅक लाइटचे फोटो टाकून मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं, की आता मधला जेम्सबॉक पेडेस्टलवर चढला की खोली झाली. तो तोरा उतरलाय. पाच आठवडे भिंती रिकाम्या आहेत, आणि कालपर्यंत गराजमधल्या फ्रीझरमध्ये ओल्या नारळाच्या जागी स्प्रिंगबॉक झोपला होता.

झालं असं. एका शनिवारी कोपऱ्यातला दिवा जरा वळवायला शिडी लावली. उतरताना स्प्रिंगबॉकच्या बरोबर खाली, बेसबोर्डच्या कडेला, चिमूटभर तपकिरी भुकटी दिसली. पुसून टाकली. सोमवारी परत तिथेच. मग मात्र भिंग आणलं. भुकटीत तांदळाच्या कणीएवढ्या पोकळ काती होत्या, आडव्या पट्ट्यांच्या, मागच्या टोकाला केसांचा झुपका. वर डाव्या कानामागे बोट फिरवलं तर केस हातात आले. मुळासकट सुटले असते तर टॅनिंगमध्ये घोळ झालाय म्हणून टॅक्सिडर्मिस्टशी (मुंडकी भरून देणाऱ्याशी) भांडायला गेलो असतो. हे केस मधूनच तुटलेले होते, बोथट कात्रीने कापावेत तसे.

कसर. आमच्या आईचा शब्द, आणि याहून नेमका दुसरा नाही. ट्रंकेतल्या शालीला लागते तीच ही जमात, इथले लोक तिला कार्पेट बीटल म्हणतात. मोठा झालेला भुंगा निरुपद्रवी असतो, जेमतेम तीन मिलिमीटरचा, ठिपक्यांचा, फुलातले परागकण खाऊन जगणारा. सगळं वाटोळं करते ती अळी. केस, लोकर, पीस, वाळलेलं कातडं, जे जे जनावराचं ते तिला चालतं, आणि तेही अंधारात, सावकाश. माझ्या खिडकीखालीच क्रेप मर्टल फुललाय, आपल्या ताम्हणाची चुलत बहीण. भुंग्यांना ती फुलं फार आवडतात. म्हणजे जेवायला खाली, अंडी घालायला माझ्याकडे वर.

पहिला आठवडा मी चुकीच्या गुन्हेगारामागे घालवला. संशय गेला २०१४ च्या, दक्षिण आफ्रिकेतल्या ईस्टर्न केपच्या ब्लेसबॉकवर, कारण त्याचं काम मी स्वस्तात करून घेतलं होतं, आणि स्वस्तात केलेल्या कामावर संशय घेणं सोपं असतं. त्याला उतरवून, उलटा करून, मागची प्लायवूडची पाटी उघडून टॉर्च मारला. आत काही नाही. इम्पाला स्वच्छ. वॉर्टहॉगची तर नुसती कवटीच आहे, तिच्यात कसर काय खाणार! (डुकराची जात असल्यामुळे आफ्रिकन स्वाइन फीव्हरच्या नियमांत तिला आधी कृषी खात्याच्या मान्यताप्राप्त टॅक्सिडर्मिस्टकडे वनवास भोगावा लागला होता, ते रडगाणं तिसऱ्या नोंदीत आहे.) कुडूच्या गळ्याखालच्या झालरीत मात्र दोन जिवंत अळ्या सापडल्या, आणि मी खरंच जमिनीवर बसलो.

तो कुडू सहाव्या दिवशी मिळाला होता. २०१९ चा जून, विंडहुकच्या पश्चिमेला खोमासचा डोंगराळ भाग. त्या मे महिन्यात नामिबियाने दुष्काळाची आणीबाणी जाहीर केली होती. मी म्हसवडकडचा, दुष्काळ कसा दिसतो ते मला कोणी शिकवायची गरज नव्हती. त्याच उन्हाळ्यात आमच्याकडे चारा छावण्या चालू होत्या. खुरट्या काटेरी झुडपांमधून चालताना, दगड सोडले तर, मी माणदेशातच आहे असं वाटायचं. पाच दिवस कुडूने आम्हाला नुसती शेपटी दाखवली. सहाव्या दिवशी सकाळी कोरड्या ओढ्याच्या पलीकडे ट्रॅकरने बोट दाखवलं आणि मला पंधरा मिनिटं काहीही दिसलं नाही. तो तिकडच्या डमारा जमातीचा होता, आपल्या टिचक्यांच्या भाषेत स्वतःशीच हसत होता. मग एक कान हलला. त्या कानाभोवती हळूहळू अख्खं जनावर उमटलं, जणू आतापर्यंत ते झुडूपच होतं. १८० मीटर अंतर, .३०-०६ रायफल, १८० ग्रेनची गोळी. शिंगं पिळाच्या कडेकडेने मोजल्यावर ५२ इंच भरली. रोलंड वॉर्डच्या नोंदीत (शिकारीच्या विक्रमांची वही) जायला ५३ ७/८ इंच लागतात. म्हणजे तिथेही कसर राहिलीच होती. मांस फार्मवरच्या लोकांकडे गेलं, मला मिळाली ती संध्याकाळच्या निखाऱ्यांवर भाजलेली कलेजी.

तर अशा जनावराच्या गळ्यात अळ्या.

मूळ शोधायचं तर खोलीतली प्रत्येक वस्तू बाहेर काढायची, असं ठरवून खिडकीखालच्या बाकापाशी आलो. बाकावर आजोबांची घोंगडी अंथरलेली. आफ्रिकेच्या खोलीत आपलंही काही असावं म्हणून गेल्या दिवाळीला गावाहून आणली होती, पाचव्या नोंदीत तिचं कौतुकही केलं होतं. उचलली, तर घडीच्या आतून भुकटी सांडली. उजेडासमोर धरल्यावर चाळणीच. कच्ची लोकर, तीवर चिंचोक्याची खळ, वर पन्नास वर्षांचा घाम आणि धूर: कसरीच्या दृष्टीने हे पंचपक्वान्न. मी आठवडाभर नामिबियाच्या फार्मला, टॅनरीला, कस्टमच्या गोदामाला मनातल्या मनात शिव्या घातल्या, आणि कीड निघाली माझ्याच घरच्या घोंगडीत. भुंगे खिडकीतून आले असतील, की अंडी विमानातून माझ्यासोबतच आली, ते आता कोण सांगणार! पण सर्वांत जुन्या काती आणि सर्वांत मोठी भोकं तिथेच होती.

आईला फोन केला. ती म्हणाली, "डांबरगोळ्या टाक आणि कडुलिंबाचा पाला घाल. आणि बाळा, ती मेलेली मुंडकी घरात कशाला हवीत? घोंगडी तरी चांगली होती." डांबरगोळ्यांचा मोह मलाही झाला होता. पण त्यांची वाफ बंद खोलीत माणसालाच बाधते, आणि काही प्लास्टिक आणि फोम तिने मऊ पडतात. माउंटच्या आत फोमच असतो. देवदाराच्या लाकडाच्या चकत्या मी चार वर्षं वापरतोय. पैसे वाया. खोलीला वास छान येतो, एवढंच.

संग्रहालयांत करतात तो उपाय गोठवण्याचा. उणे २० अंशांना किमान एक आठवडा. घरचा फ्रीझर उणे १८ पर्यंतच जातो, म्हणून दोन आठवडे. मग बाहेर काढून एक दिवस तसंच ठेवायचं आणि परत आत, म्हणजे पहिल्या फेरीतून वाचलेली अंडी जागी होऊन दुसरीत मरतात. खरी मेख गुंडाळण्यात आहे. जाड पॉलिथिन दोनदा, हवा दाबून बाहेर, प्रत्येक शिवण टेपने बंद. आणि बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडायची नाही, नाहीतर ह्यूस्टनच्या हवेतलं पाणी थंड नाकावर दवासारखं जमतं आणि रंग उकलतो. पहिल्या वेळी मी घाई केली. स्प्रिंगबॉकच्या नाकपुडीच्या कडेचा रंग नखाएवढा उडालाय. ज्यांना फोटोत दिसेल त्यांनी कृपया गप्प बसावं.

बायकोच्या अटी: सुरमई वरच्या फ्रीजमध्ये जाणार, नारळ शेजारी जाणार, आणि फ्रीझर परत करताना व्हिनेगरने पुसलेला हवा. तिन्ही मान्य. स्प्रिंगबॉक, त्याचं पाठीचं कातडं आणि घोंगडी, तिघं एकावर एक बसले. इम्पाला आणि ब्लेसबॉक पुढच्या फेरीत.

कुडू मात्र कुठल्याच घरगुती फ्रीझरमध्ये मावत नाही. शिंगं काढता येतात का ते पाहिलं, पण माझ्या माउंटमध्ये ती हाडाच्या गाभ्यावर कायमची चिकटवलेली आहेत. (नवीन माउंट करून घेणाऱ्यांनो, सुटी होणारी शिंगं मागा. दारातून आत नेतानाही आठवण काढाल माझी.) शेवटी टॅक्सिडर्मिस्टकडेच गेलो, त्याच्याकडे चालत आत जाता येईल एवढा फ्रीझर आहे. नोव्हेंबरात हरणांचा हंगाम सुरू झाला की तिथे पाय ठेवायला जागा नसते, आता उन्हाळ्यात अर्धा रिकामा होता. त्याने पैसे बेताचे घेतले, बोलणी मात्र पोटभर ऐकवली: वर्षातून दोनदा ब्रश आणि व्हॅक्यूम करायला सांगितलं होतं की नाही? होतं. मी केलं नव्हतं.

गंमत म्हणजे त्याच्या मागच्या शेडमध्ये याच कुळातले भुंगे तो पगारी नोकरांसारखे पोसतो. कवटीवरचं मांस ते हाडाला ओरखडा न पाडता साफ करतात. त्याने पेटीचं झाकण उचलून दाखवलं. कान जवळ नेला तर कुरमुऱ्यांवर दूध ओतल्यासारखा आवाज येत होता. जात वेगळी, माझ्यावाली बारीक लोकरखाऊ, त्याची मांसखाऊ, पण तो आवाज ऐकल्यावर मी घरी येऊन बाकीच्या माउंटना परत एकदा कान लावून आलो.

दरम्यान बेत बदलले. लोकरीचा गालिचा रद्द, खाली टाइल्सच राहतील. डिह्युमिडिफायर आलाय, आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली ठेवतोय. खिडकीच्या चौकटीत चिकट सापळे लावलेत. आणि जेम्सबॉक (तिकडे पहिलं अक्षर घशातून काढतात, मला अजून जमत नाही) आता पेडेस्टलवर चढणार नाही. त्याचा केप (डोक्या-मानेचं कातडं) टॅन होऊन पडलाय, फॉर्मची (आतल्या फोमच्या साच्याची) ऑर्डर मी थांबवली. ती मादी होती, माद्यांची शिंगं बारीक पण लांब असतात, तिची ३८ इंच. कवटी आणि शिंगं एवढंच भिंतीवर लावलं तर त्या दोन सरळ रेषा जास्त शोभतील, आणि खायला काही उरणार नाही. टॅक्सिडर्मिस्ट म्हणतो, घाबरून निर्णय घेऊ नकोस. घाबरलोय हे खरं आहे. तरी मला तो निर्णय आवडायला लागलाय. लहानपणी शाळेच्या सहलीत कोल्हापूरच्या न्यू पॅलेसमध्ये पेंढा भरलेली जनावरं पाहिली होती, या वेडाची सुरुवात तीच. पण त्यांच्या दिमतीला माणसं असतात. इथे माणूस मी एकटाच, आणि तोही वर्षातून दोनदा ब्रश न फिरवणारा.

काल दुसरी फेरी संपली. पिशव्या चोवीस तास तशाच ठेवून आज सकाळी उघडल्या. स्प्रिंगबॉकच्या कानामागे रुपयाएवढं टक्कल पडलंय, ते भिंतीकडच्या बाजूला आहे, चालून जाईल. पाठीचं कातडं वाचलं, मला खरी काळजी त्याचीच होती. नामिबियातल्या मारिएन्टालच्या तांबड्या वाळूत तो पडला तेव्हा त्याच्या पाठीवरची पांढऱ्या केसांची दुमड पंख्यासारखी आपोआप उघडली होती. ट्रॅकरने माझी मान धरून खाली वाकवली आणि खुणेने सांगितलं, वास घे. मधाचा वास. काही मिनिटंच टिकतो. आज त्या केसांना नाक लावलं तर सुरमईचा वास आला. घोंगडीला मात्र अजून मेंढरांचा आणि चुलीचा वास येतोय, दोनदा गोठून आणि अर्धी खाल्ली जाऊनसुद्धा.

हे लिहिता लिहिताच सुचलं: घोंगडीचा धड उरलेला तुकडा आणि हे कातडं, दोन्ही एकाच काचेच्या चौकटीत, कडेला सिलिकॉनची पट्टी लावून हवाबंद. बाकाच्या वर तीन फूट जागा मोकळी आहे. कोणी अशी खोल चौकट करून घेतली असेल तर काच कुठली वापरली ते कळवा, मला ऊन अडवणारी हवी आहे. ऑनलाइन मागवलेली ॲक्रिलिकची एक शीट ओरखडे घेऊनच आली, ती परत चालली.

सापळ्यांचा हिशेब: पहिल्या आठवड्यात सात भुंगे, दुसऱ्यात तीन, तिसऱ्यात परत चार (खिडकी उघडी राहिली होती, मुलीचं नाव घेत नाही), मग एक, आणि या आठवड्यात आतापर्यंत शून्य.

कुडू येत्या शनिवारी परत येतोय. जिना अरुंद आहे आणि वळणावर शिंगं अडतात, मागच्या वेळी भिंतीला पडलेली खोक अजून बुजवलेली नाही. ह्यूस्टनजवळच्या केटीच्या आसपास कोणी असेल तर दहाला या. दोन माणसं लागतील, मिसळ केलेली असेल.