तुम्ही विचारलंत म्हणून: जिवाणूंचाही वारसा असतो

“पोटात जिवाणू असतात हे मान्य, पण उत्क्रांतीशी त्यांचा काय संबंध? ती तर जनुकांची गोष्ट ना?” सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते म्हटल्यावर हा प्रश्न मला हटकून विचारला जातो. मला तेव्हा आधी आठवतो मेगाकोप्टा, झाडांचा रस शोषणारा एक छोटा किडा.

याची मादी अंडी घालते आणि त्या पुंजक्याखाली बारीक तपकिरी गोळ्या ठेवून जाते. गोळ्यांत तिच्या आतड्यातले जिवाणू असतात. पिल्लं बाहेर पडली की आधी त्या गोळ्यांत सोंड खुपसून त्या शोषून घेतात. गोळ्या काढून टाकल्या तर पिल्लं एका जागी टिकत नाहीत, शोधत भटकत राहतात. त्यांची वाढही खुंटते.

जपानमध्ये याच्या दोन जवळच्या जाती आहेत. एक सोयाबीनवरची कीड, दुसरी एरवी रानटी वेलींवर राहणारी. संशोधकांनी दोन्ही जातींच्या जिवाणूंची अदलाबदल केली आणि २००७ साली निष्कर्ष मांडले. किड्यांची जनुकं होती तशीच होती. तरी सोयाबीनवर रानातल्या जातीची अंडी छान उबली आणि पिकावरच्या जातीची बरीचशी उबलीच नाहीत! म्हणजे पिकावर तगून राहण्याची ताकद जिवाणूंकडून आली होती, आणि तीही आईकडून पिल्लांकडे जात होती. निसर्गाच्या निवडीला एवढं पुरतं.

माणसात हे नातं इतकं घट्ट नाही. आपले कितीतरी जिवाणू आजूबाजूच्या माणसांकडून, अन्नातून येतात. पण आईच्या दुधात काही शर्करा अशा असतात की त्या बाळाला पचतच नाहीत. लॅक्टोज आणि स्निग्धांश सोडले तर दुधातल्या घन घटकांत त्यांचंच प्रमाण सर्वांत जास्त. त्या खातात बाळाच्या आतड्यातले बायफिडोबॅक्टेरिया. त्यातून तयार होणाऱ्या आम्लांमुळे घातक जंतूंना तिथे बस्तान बसवणं जड जातं. इतक्या वर्षांनीही हे शिकवताना मी हरखून जाते. आई बाळासोबत त्याच्या जिवाणूंनाही भरवत असते!

ही वस्ती अँटिबायोटिक्सनी उजाड झाली, की क्लोस्ट्रिडिओइडीस डिफिसिल (जुनं नाव क्लोस्ट्रिडियम डिफिसिल) हा घातक जिवाणू फोफावून जीवघेणे जुलाब होऊ शकतात. आजार पुन्हा पुन्हा उलटला, तर निरोगी माणसाच्या विष्ठेतले जिवाणू रुग्णाच्या आतड्यात सोडतात. मेगाकोप्टाच्या गोळीसारखंच हे. नेदरलँड्समधल्या चाचणीत (२०१३) फरक इतका ठळक दिसला, की ती मध्येच थांबवली आणि नुसत्या औषधांवर ज्यांचा आजार उलटला होता त्यांनाही हाच उपचार देऊ केला.