डावीकडची उडी

पन्नाशी ओलांडलेली चार माणसे एकत्र बसली की दुखण्यांची उजळणी झाल्यावर विषय हमखास तरुणपणीच्या खेळाकडे वळतो आणि प्रत्येकाच्या पोतडीतून एकेक ‘तेव्हा जर’ बाहेर पडतो. कुणाचा गुडघा मुरगळला नसता, कुणाच्या वडिलांनी दहावीच्या वर्षी बूट माळ्यावर टाकले नसते, तर गडी थेट साळगावकर किंवा धेंपो या गोव्यातल्या फुटबॉल क्लबांच्या संघात दिसला असता. माझा ‘तेव्हा जर’ त्या मानाने फारच किरकोळ आहे. मोजूनच सांगायचे तर त्याची लांबी ३.६६ मीटर आहे, कारण फुटबॉलचा गोल ७.३२ मीटर रुंद असतो आणि मी त्याच्या बरोबर मधोमध उभा होतो.

फोंडा तालुक्यातील आमच्या गावात फुटबॉलचा मोसम भातकापणीनंतर सुरू होई. चार महिने पाण्यात उभी असलेली शेते डिसेंबरात कोरडी खडखडीत झाली की आम्ही दोन कोपऱ्यांतील बांध तेवढे मोडायचो (ते पुन्हा घालताना शेताचा मालक आमचा जो उद्धार करी, तो येथे लिहिण्याजोगा नाही) आणि दोन्ही टोकांना बांबू रोवायचो. आडवा बांबू मध्यभागी वाकलेला असे, त्यामुळे उंच चेंडूंच्या बाबतीत मला थोडी सवलत मिळे. ज्याला पळता येत नाही त्याला गोलमध्ये उभे करायचे, हा गावोगावचा न्याय; मीही त्याच न्यायाने तेथे पोहोचलो होतो. पुढे मात्र मला ती जागा आवडू लागली. उजवीकडचा चेंडू मी बरा अडवायचो. डावीकडे पडायची मला भीती वाटे.

त्या भीतीचे कारण जमिनीत होते. कापणी झाल्यावर भाताची बोटभर धसकटे उरतात आणि उन्हाने ती खिळ्यांसारखी ताठ होतात. खालची माती भेगाळून विटेसारखी टणक झालेली असते. तिच्यावर आडवे अंग टाकले की कमरेच्या हाडावरची साल निघे. आई त्यावर खोबरेल तेलात कालवलेली हळद लावी, आणि खपली धरेपर्यंत पुढच्या रविवारचा सामना येई. माझ्या उजव्या कुशीला याची सवय झाली होती. डावी कोवळीच राहिली होती.

जानेवारी १९८४ मधला तो सामना शेजारच्या गावाशी होता. शेवटच्या काही मिनिटांत आमच्या एका गड्याचा हात चेंडूला लागला आणि पेनल्टी मिळाली. त्या काळच्या नियमानुसार चेंडूला लाथ बसेपर्यंत गोलकीपरने रेषेवर पाय न हलवता उभे राहायचे असे. समोरच्या मुलाने चेंडू ठेवला, दोन पावले मागे गेला आणि आला. त्याची लाथ नीट बसलीच नाही. चेंडू धसकटांवरून अडखळत, टप्पे घेत, माझ्या डावीकडे निघाला; इतका सावकाश की त्याची शिवण मला आजही दिसते. मी तो पाहत उभा राहिलो. चेंडू खांबाच्या आतून गेला आणि आम्ही हरलो. कुणी विचारले की मी सांगायचो, पाय हलवायचे नाहीत असा नियमच आहे. लोकांना ते पटायचे.

त्याच महिन्यात मी फुटबॉल सोडून क्रिकेट धरले. त्यासाठी कारण शोधावे लागले नाही. २५ जून १९८३ रोजी कपिलदेवच्या संघाने लॉर्ड्सवर विश्वचषक जिंकल्यापासून आमच्या वर्गातली निम्मी मुले कागदाच्या बोळ्यावर इनस्विंग टाकत होती. मीही काळाबरोबर चाललो आहे असे घरीदारी मानले गेले. वडिलांनी तर दिलीप सरदेसाईंचा दाखला दिला: मडगावात जन्मलेला माणूस, १९७१ मध्ये वेस्ट इंडिजमध्ये जाऊन मालिकेत ६४२ धावा करून आला. सरदेसाईंना त्यासाठी गोवा सोडून मुंबई गाठावी लागली होती, आणि गोव्याचा संघ तेव्हा रणजी करंडकात उतरलेलाही नव्हता (त्याला १९८५ उजाडावे लागले), हा तपशील वडिलांनी सोयीस्करपणे वगळला. मी मुंबईला गेलो नाही. मी सीमारेषेवर गेलो, आणि तेथे वाकण्याऐवजी पाय आडवा घालून चेंडू अडवण्यात चांगलाच तरबेज झालो. फलंदाजीविषयी लिहिण्यासारखे काही नाही.

नियतीला विनोदाची जाण असावी. ज्या मोसमात मी गोल सोडला त्याच मोसमात गोव्याने मद्रासला राज्याराज्यांच्या फुटबॉल संघांचा संतोष करंडक जिंकला, आणि तोही संपूर्ण स्पर्धेत एकही गोल न खाता. गोलमध्ये ब्रह्मानंद शंखवाळकर होते. आदल्या वर्षी करंडक बंगालबरोबर वाटून घ्यावा लागला होता. या वेळी तो पूर्णपणे आपला होता. गावात फटाके वाजले, आणि ज्याला त्याला एकाएकी गोलकीपर व्हायचे होते. आमच्या शेतातल्या गोलमध्ये उभे राहण्यासाठी मुले भांडत असताना मी बांधावर बसून होतो, हातात झावळीच्या देठाची बॅट घेऊन. मी चुकीचा खेळ निवडला असे मला तेव्हाही वाटले नाही आणि आजही वाटत नाही. क्रिकेटने मला पुष्कळ मित्र आणि भरपूर निवांत दुपारी दिल्या. मला लाज वाटे ती निवडीच्या घाईची, आणि ती लाज मी कुणापाशी बोलू शकत नव्हतो.

गेल्या वर्षी पुतण्याच्या मुलीला सरावाला नेण्या-आणण्याचे काम माझ्याकडे आले. ती बारा वर्षांची आहे आणि स्वखुशीने गोलकीपर झाली आहे. कृत्रिम हिरवळीच्या मैदानाबाहेरच्या कट्ट्यावर बसून मी रोज तासभर पाहत असतो, आणि पहिल्याच आठवड्यात एका गोष्टीने थक्क झालो. तेथे मुलांना पडायला शिकवतात. आधी गुडघ्यांवर बसून, मग उकिडवे बसून, मग उभ्याने. आधी पिंढरी टेकायची, मग मांडी, मग कंबर, मग खांदा, म्हणजे धक्का एका हाडावर न बसता अंगभर विभागला जातो. छाती चेंडूकडे ठेवायची आणि कोपर अंगाखाली जाऊ द्यायचे नाही. उजवीकडे दहा वेळा पडले की डावीकडे पंधरा वेळा, कारण उजव्या हाताच्या माणसाची डावी बाजू बहुधा कच्ची असते, हे प्रशिक्षकाला ठाऊक आहे. आम्हाला ‘उडी मार’ एवढेच सांगत असत. पडणे ही शिकण्याची गोष्ट आहे, हे आमच्या मास्तरांना तरी कुणी सांगितले असेल असे वाटत नाही.

परवा परतताना ती कोपराला चिकटलेले रबराचे काळे कण झटकत होती. मी सहज म्हणून तिला त्या पेनल्टीची गोष्ट सांगितली, नियमासकट. तिने नियम लक्ष देऊन ऐकला.

“आता एक पाय रेषेवर ठेवला की पुरतं, आबा,” ती म्हणाली. “दुसरा पुढे टाकता येतो.”

“आमच्या वेळी तसं नव्हतं,” मी म्हणालो.

“पण चेंडू मारल्यावर? मारल्यावर तर तेव्हाही हलता येत होतं ना?”

मी स्कूटर सुरू केली. पहिल्या किकला ती सुरू झाली नाही, आणि त्याबद्दल मी तिचा आभारी आहे.