तुम्ही विचारलंत म्हणून: इंटरनेटच्या जमान्यात भूगोल कशाला?

पालकसभेत हा प्रश्न हमखास येतो. "मॅडम, आता सगळं ऑनलाइन झालंय. मुलं घरबसल्या अमेरिकेची कामं करतील. मग हा भूगोल कशाला घोकायचा?" तुम्ही विचारलंत म्हणून मनापासून सांगते.

इंटरनेट वरून, सॅटेलाइटवरून येतं असा बऱ्याच जणांचा समज असतो. खरं तर परदेशाशी आपली जवळजवळ सगळी देवाणघेवाण समुद्रतळाशी टाकलेल्या केबलमधून चालते. खोल समुद्रात ही केबल बागेला पाणी घालायच्या पाइपाएवढी असते. किनाऱ्याजवळ जाळ्यांचा आणि नांगरांचा धोका, म्हणून तिथे तिच्यावर पोलादी तारांचे वेढे. अशा कितीतरी केबल मुंबईत वर्सोव्याला जमिनीवर येतात.

वर्गात मी मुलांना पृथ्वीगोलावर दोरा धरायला लावते. एक टोक मुंबईला, दुसरं फ्रान्सच्या मार्सेला. दोरा पाण्यातूनच न्यायचा, सुएझची पट्टी तेवढी ओलांडायची. अरबी समुद्र झटकन पार होतो. पुढे तांबड्या समुद्राच्या तोंडाशी, बाब-अल-मंदेबच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीत बोट अडखळतं, आणि कोणीतरी विचारतंच, "इथे तुटली तर?" तुटतात ना! २००८ च्या जानेवारीत इजिप्तजवळ केबल तुटल्या आणि भारतातलं इंटरनेट रखडलं. २०२४ मध्ये आणि २०२५ च्या सप्टेंबरात तांबड्या समुद्रात पुन्हा तेच झालं. १८७० साली मुंबईहून एडनमार्गे सुएझपर्यंत तारायंत्राची केबल टाकली होती, तीही याच वाटेने. तंत्र पार बदललं, पण आफ्रिकेला वळसा घालणं तेव्हाही लांबचं होतं आणि आजही आहे.

अंतराला तर पळवाटच नाही. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किमी जातो. मुंबई-लंडन सरळ रेषेत सुमारे ७,२०० किमी, म्हणजे जाऊन-येऊन निदान ७२ मिलिसेकंद. म्हणूनच शेअर दलाल भाडं मोजून आपले सर्व्हर एक्स्चेंजच्याच आवारात ठेवतात. ऐरोली-महापे पट्ट्यात एवढी डेटा सेंटर का, तर केबलचा किनारा जवळ, वीज भरवशाची आणि मुंबईचं गिऱ्हाईक शेजारी.

लांब कशाला, २०२० च्या लॉकडाऊनमध्ये कोकणात मुलं रेंजसाठी डोंगरावर जाऊन तास ऐकत होती. खोऱ्यातल्या वाडीला रेंज मिळायची तर टॉवर कुठे उभारायचा, हे समोच्च रेषांचा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचा) नकाशा वाचूनच ठरतं. म्हणून तो धडा ऑप्शनला टाकू नका, असं मी दरवर्षी मुलांना बजावते.