वॅगनआर पसंत पडली, पण आरसीवरची 'एचपी' उतरेना

जुनी गाडी बघायला जाल तेव्हा बॉनेट उघडायच्या आधी आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, मागा आणि हायपोथिकेशनचा (एचपी, म्हणजे गाडीवरच्या कर्जाची नोंद) रकाना वाचा. माझे सात आठवडे त्या एका ओळीपायी गेले.

आम्ही निपाणीचे, म्हणजे कर्नाटकातले. बजेट तीन लाखांच्या आत. मारुतीच घ्यायची हे घरात आधीच ठरलेलं, कारण पार्ट आणि मिस्त्री दोन्ही गावात मिळतात. तीन गाड्या बघितल्या. अल्टो ८०० कागलच्या पाहुण्यांची, एमएच-०९, तिघींत स्वस्त. पण महाराष्ट्राची गाडी कायमची इकडं आणायची तर तिकडच्या आरटीओची एनओसी (ना-हरकत पत्र), इथला नवा नंबर आणि इथला लाइफटाइम टॅक्स. तो धरला की स्वस्ताई उरत नाही. शिवाय ७९६ सीसी. चौघं बसवून, एसी लावून तवंदी घाट चढवला तर दुसऱ्या गिअरवरून वर जाईना. ही परीक्षा प्रत्येक गाडीची घ्याच. सेलेरिओ चांगली होती, पण बाबांच्या गुडघ्यांना सीट खाली पडली. ९९८ सीसीची केए-२३ वॅगनआर मात्र बाबा न वाकता बसले, आणि विषय संपला.

मालक चिकोडीकडचे काका, सरळ माणूस. "कर्ज कवाच फिटलंय बघा," म्हणाले. फिटलंच होतं. पण हप्ते संपले म्हणून आरसीवरचं फायनान्स कंपनीचं नाव गेलेलं नव्हतं. त्यासाठी कंपनीची एनओसी आणि तिच्या सहीशिक्क्याचा फॉर्म ३५ आरटीओत द्यावा लागतो. तो कुणी दिलाच नव्हता.

कर्ज दिलेली शाखा बंद झालेली. बेळगावच्या शाखेत गेलो, तर फाईल कोल्हापूरला. कोल्हापुरात म्हणाले, अर्ज मालकानंच करायचा. पुढच्या खेपेला काकांना गाडीत घालून नेलं, तर "वरून मेल आला की कळवतो." कुणी कळवलं नाही. दर सोमवारी मीच फोन करायचो आणि दर सोमवारी नवीन माणसाला पहिल्यापासून सगळं सांगायचो. पाचव्या आठवड्यात पत्र आलं, त्यात चॅसी नंबरातलं एक अक्षर चुकलेलं. मला खरंच रडू यायचं बाकी होतं. पूर्ण फिटलेल्या कर्जासाठी सत्तरीच्या माणसाला तीनदा कोल्हापूर दाखवलं, याचा राग अजून गेलेला नाही. शेवटच्या खेपेला आरसी समोर धरली आणि पत्र अक्षर अक्षर वाचून घेतल्याशिवाय काउंटर सोडला नाही. तुम्हीही तसंच करा.

पुढं फॉर्म २९, ३० आणि नावावर करणं विनात्रास झालं. विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज द्या. जुन्या मालकाचा नो-क्लेम बोनस (विम्याचा दावा न केल्याबद्दलची सूट) आपल्याला मिळत नाही, तेवढा विम्याचा हप्ता वाढतो.

आणि हो, टायरवरचे चार आकडे बघा: २३१९ म्हणजे टायर २०१९च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. दुसरी किल्लीही आधीच मागून घ्या.

एक गोष्ट मात्र मी नीट केली होती. वीस हजार विसार देताना पावतीवरच लिहून घेतलं, "एचपी उतरल्यावर बाकी रक्कम." नवीन आरसी आली तेव्हा तो रकाना मोकळा होता. त्याच संध्याकाळी काकांच्या घरी जाऊन बाकी पैसे दिले. बाबा पुढच्या सीटवर होते.